गाण्याला चित्र देणाऱ्या दोघी

हेस्टिंग्ज,
मंगळवार सकाळ

प्रिय टॅम्सिन,

पाकिटावर माझं अक्षर बघून तुला वाटेल, आईचा फोन पुन्हा बिघडला. फोन ठणठणीत आहे. पण फोनवर तू माझं बोलणं तोडतेस, मी तुझं तोडते, आणि शेवटी आपण दोघी मांजराच्या तब्येतीवर येऊन थांबतो. या वेळी मला शेवटपर्यंत बोलायचं आहे आणि तू ते शेवटपर्यंत ऐकावंस असं वाटतं. म्हणून कागद काढला. खिडकी लावून घेतली आहे, कारण खाली किनाऱ्यावर मासेमारीच्या बोटी ओढणारा तो ट्रॅक्टर सकाळपासून घरघरतो आहे.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते, नाहीतर सगळी पानं मी तिच्याभोवती घिरट्या घालत बसेन. मला तुझा हेवा वाटतो. आयांना मुलींचा वाटतो तसला, डोळ्यांत पाणी आणणारा लाडका हेवा नव्हे. चांगला कडू, घशाशी येणारा. तुझं काही छान झाल्याचं कुणी सांगितलं की मी हसते, 'हो ना, फार गुणी आहे' म्हणते, आणि मग स्वयंपाकघरात जाऊन स्वच्छ असलेले कप पुन्हा विसळत बसते. शेजारच्या वेंडीला वाटतं, मला मुलीच्या आठवणीने भरून येतं. मी तिला तसंच वाटू देते.

एका गाण्यासाठी तू काढलेला तो रस्त्यावरच्या बाईचा व्हिडिओ आला तेव्हा मी अजून कॉलेजात शिकवत होते. एका मुलीने वर्गातच फोन माझ्यापुढे धरला. म्हणाली, "ग्लेनिस, हे बघ. याच्यापुढे आम्ही आता काय करायचं ते सांग." मी उभ्याउभ्या पाहिला. शाळेसमोर मुलांना रस्ता ओलांडून देणारी ती थोराड बाई, पिवळा कोट, हातात गोल पाटीची काठी. ती रस्त्याच्या मधोमध काठी रोवते आणि सगळं थांबतं. बस थांबते. सायकलवाला एक पाय टेकून थांबतो. एक आई मुलाचं नाक पुसतापुसता थांबते. आणि त्या थांबलेल्या रस्त्यावर ती बाई एकटी नाचते, कुणी बघत नाही म्हटल्यावर माणूस नाचतो तशी. मला कळलं की तू संगणकाची कसलीच करामत केली नव्हतीस. बर्मिंगहॅमच्या त्या रस्त्यावरची खरी माणसं तू श्वास रोखून उभी केली होतीस, आणि म्हणूनच त्यांचे डोळे पाणावलेले दिसत होते, एखाद्याचा गुडघा किंचित थरथरत होता. त्या थरथरीमुळेच अंगावर काटा येत होता.

घरी येऊन मी तो पुन्हा पाहिला. कौतुकाने नव्हे. चूक शोधायला. आणि सापडली. बसथांब्याच्या छपरावरचं एक कबुतर मान वळवतं. पुढचा सबंध दिवस माझा मजेत गेला. वेंडीला मी सफरचंदाचा केक नेऊन दिला. पुढच्या आठवड्यात तुझी मुलाखत वाचली, त्यात तू म्हणाली होतीस, 'कबुतर मी मुद्दाम ठेवलं. तिचं न ऐकणारं जगात कुणीतरी एक असायला हवं होतं.' मी ते मासिक मिटून ठेवलं. इतकी चांगली गोष्ट मला सुचली नसती, टॅम. मी ते कबुतर हाकलून दिलं असतं.

त्याच संध्याकाळी तुझ्या बाबाचा मार्गेटहून फोन. "पाहिलंस ना, ग्लेन? मी जोडलंय ते. कुठे कात्री लावायची तेच कळेना, इतकं सरळ आलं होतं." मग म्हणाला, "पोरीला थांबता येतं. तुला कधी थांबता आलं नाही." क्लाइव्हचा स्वभाव तुला माहीत आहे. टोमणा मारतोय हे त्याचं त्यालाच कळत नाही, त्यामुळे त्याच्यावर धड रागावताही येत नाही. एकत्र राहत होतो तेव्हा माझी प्रत्येक फिल्म त्याने जोडली. वेगळे झालो तेव्हा पुस्तकं, खुर्च्या, मांजर, सगळ्याची वाटणी झाली. त्याचे हात कुणाच्या वाट्याला जातील हे तेव्हा डोक्यातच आलं नाही. ते तुझ्याकडे गेले.

तुला मी माझ्या दिवसांबद्दल फारसं सांगितलेलं नाही. तू विचारलंस की मी म्हणायची, 'अगं, सगळीकडे धूर, उडते पडदे आणि कुठूनतरी पळत येणारा पांढरा घोडा, बाकी काही नव्हतं.' त्यावर तू हसायचीस आणि विषय संपायचा. आज नीट सांगते.

आमच्यातलं कुणीच सिनेमावालं नव्हतं. मी स्टोकहून लंडनच्या चित्रकलेच्या कॉलेजात आले होते. कॉलेजात प्रत्येक मजल्यावर कुठल्या ना कुठल्या टोळक्याचा बँड होता, आणि ज्यांना वाजवता यायचं नाही ते त्यांचे कपडे शिवायचे, पोस्टर रंगवायचे. त्यात रेकॉर्ड कंपन्यांना शोध लागला की गायकाला गावोगाव पाठवण्यापेक्षा गाण्याची छोटी फिल्म काढून पाठवली की काम भागतं. अमेरिकेत दिवसभर गाणीच दाखवणारी वाहिनी सुरू झाली, आणि त्यांच्याकडे दाखवायला पुरेशा फिल्माच नव्हत्या. आमच्याकडे होत्या. इथल्या पावसाळी गल्ल्यांत पोरापोरींनी उधारीच्या कॅमेऱ्यांवर काढलेल्या फिल्मा तिथल्या उन्हाळी गावांतल्या घराघरांत दिसायला लागल्या. नियम कुणालाच माहीत नव्हते, म्हणून ते मोडायचं भयही नव्हतं. कंपनीचा माणूस कॅसेट हातात देऊन म्हणायचा, "गायक ओळखू यायला हवा, बाकी काय वाट्टेल ते कर." असं वाक्य मला पुढे आयुष्यात कुणी म्हटलं नाही.

'कोल्ड लार्डर' या बँडचं नाव तुला ऐकून माहीत असेल. चार उपाशी दिसणारी पोरं, गाणी बेताची. त्यांच्याजवळ सेट उभारायला काहीच नव्हतं. तुझी आजी तेव्हा स्टोकच्या एका कारखान्यात चिनीमातीच्या भांड्यांवर फुलं रंगवायची. तिथे दुय्यम ठरलेल्या ताटल्या बाजूला काढत, त्यांची खोकी तिने मला आगगाडीने धाडली. मी ताटलीच्या कडेकडेने एकाच बाईची चित्रं काढली, प्रत्येकीत पाऊल जरासं पुढे. ताटली ठेवली रेकॉर्ड-प्लेअरवर, कॅमेरा लावला वरून. नुसत्या डोळ्यांना फिरणारी रंगीत रेघ दिसायची. फिल्म धुऊन आली तेव्हा ती बाई नाचत होती. ताटलीच्या काठावरून, घेर उडवत, थेट गायकाच्या पुढ्यातल्या बशीत उडी मारत होती. सोहोमधल्या एका तळघरात हे सगळं जोडायला एक लाजाळू मुलगा बसला होता. त्याने ती उडी पाहिली, यंत्र थांबवलं, आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "हे तुम्ही हाताने काढलंत?" तो क्लाइव्ह. लग्नासाठी त्याने यापेक्षा चांगलं वाक्य कधी शोधलं नाही, आणि मलाही तेवढं पुरलं.

गुरुवारी संध्याकाळी ती फिल्म टीव्हीवर लागली तेव्हा आजीच्या गल्लीतली सगळी माणसं तिच्या घरात जमली होती. मी फोन करून विचारलं, कशी वाटली. म्हणाली, "गाणं काही बरं नाही, बाळा. ताटल्या मात्र झकास दिसल्या. पण आता त्यात जेवण कसं वाढायचं, ते सांग." दुसऱ्या दिवशी सोहोच्या रस्त्यावर या धंद्यातली अनोळखी माणसंही मला ओळखत होती. पुढची काही वर्षं मी नुसती धावत होते. टॉर्कीच्या किनाऱ्यावर पियानो जाळला. वेल्सच्या दगडखाणीत नर्तकींना वीतभर चिखलात नाचवलं. एका गायकाला सबंध दिवस उलटं टांगून त्याच्याकडून गाऊन घेतलं, आणि नंतर तो म्हणाला की त्याचा आवाज कधी इतका मोकळा लागला नव्हता. आदल्या दिवशी सुचायचं, दुसऱ्या दिवशी काढायचं, आठवड्याच्या आत सगळा देश बघायचा. पोरं शाळेच्या मैदानात तसं नाचायला लागायची. मला वाटायचं, हे असंच चालत राहणार.

मग तू झालीस. तुझ्यामुळे काम गेलं असं मी कधी म्हटलं नाही आणि ते खरंही नाही. पण तू झाल्यावर गेलं, हे खरं आहे. फोन करावा तर कंपनीतली माणसं मोठ्या मायेने विचारायची, "छोटी कशी आहे? जरा मोठी होऊ दे, मग बोलूच." क्लाइव्हलाही तीच छोटी होती, त्याला कुणी हे विचारलं नाही. तो रोज सकाळी सोहोला जायचा आणि मी तुला बाबागाडीत घालून क्लॅपहॅमच्या मैदानावर चकरा मारायची. तू मोठी झालीस तोवर दिग्दर्शकांची नवी पिढी आली होती, बहुतेक मुलगेच. हुशार होती. माझ्या वेळच्या पडद्यांना आणि धुराला हसायची. त्यांच्या नावाने डीव्हीडी निघायला लागल्या, पुस्तकं निघाली, परिसंवाद झाले. आम्ही बायका पुष्कळ होतो गं त्या पहिल्या दिवसांत, नाच बसवणाऱ्या, सेट रंगवणाऱ्या, दिग्दर्शन करणाऱ्या. पण फिल्मच्या शेवटी नावं द्यायची पद्धतच नव्हती, त्यामुळे जी नावं तोंडोतोंडी चालली तीच उरली. त्या मुलांचाही मी हेवा केला. पण तो परक्यांचा हेवा, पावसाळी कोट काढून खुंटीला अडकवावा तसा घरी आल्यावर काढून ठेवता यायचा. तुझा कुठे काढून ठेवू? तू रविवारी जेवायला येतेस.

तू या कामात पडलीस तेव्हा खरं तर मी निर्धास्त होते. या धंद्यात काही उरलं नाही असं सगळेच म्हणत होते. कंपन्या हात आखडून बसल्या होत्या, वाहिन्यांवर गाण्यांऐवजी भलत्याच गोष्टी दाखवत होते. मला वाटलं, वर्षभर हौस करेल आणि नोकरी शोधेल. तू फोनवर फिल्म काढलीस. मार्गेटच्या बंद पडलेल्या जत्रेत तुझ्या मैत्रिणीला गरगर फिरवलंस आणि ती फिल्म बाबाकडे नेलीस. माझ्याकडे नाही आणलीस. मी विचारलं तर म्हणालीस, "अगं आई, तू लगेच सुधारायला घेशील." खरं होतं ते. मी ती सुधारलीच असती. पण मला ते इतकं लागलं की मी आठवडाभर तुझे फोन घेतले नाहीत आणि तुला सांगितलं, घसा बसलाय.

आता तुला ती लंडनच्या साउथ बँकवरची दुपार सांगते. फेब्रुवारीत तिथल्या चित्रपटगृहात जुने ब्रिटिश व्हिडिओ मोठ्या पडद्यावर दाखवणार होते, त्यात माझ्या ताटल्याही होत्या. तुझं शूटिंग होतं, तू येऊ शकली नाहीस. मला आतून बरंच वाटलं, म्हटलं एक दुपार माझी एकटीची. नवा ब्लाउज घेतला. मूळ फिल्म कुठे गहाळ झाली ते कुणालाच माहीत नाही, कुणाच्यातरी घरच्या टेपवरून उतरवून घेतलेली होती, लाल रंग सगळा पसरलेला. तरी त्या भल्यामोठ्या पडद्यावर ती बाई नाचायला लागली आणि एका ताटलीवर माझ्या ब्रशाचा चिकटलेला केस स्वच्छ दिसला. लोक हसले, टाळ्या पडल्या. मी स्टेजवर खुर्चीत बसले होते. सूत्रसंचालक म्हणाला, कुणाला ग्लेनिस टनिक्लिफना काही विचारायचं आहे? मागच्या रांगेतली एक मुलगी उठली. चेहरा आदराने नुसता फुललेला. म्हणाली, "तुम्ही टॅम्सिन ऑर्मरॉडच्या आई ना? त्यांना हे सगळं लहानपणी घरातच बघायला मिळालं असेल, किती छान." सभागृह कौतुकाने गुणगुणलं. मी म्हणाले, हो, मिळालं. नंतरच्या प्रश्नांतले निम्मे तुझ्याबद्दल होते. मी छान उत्तरं दिली. कुणी रेकॉर्ड करून ठेवली असतील तर बघ, किती प्रेमळ आई दिसते.

बाहेर पडताना कोटाची बटणं लावत होते तेव्हा एक बाई समोर आली. बेलफास्टची, आखूड केस, एका रेकॉर्ड कंपनीत व्हिडिओ काढून घेण्याचं काम बघते. ब्रोना. तिने तुझं नावच काढलं नाही. ती म्हणाली, "तो ब्रशाचा केस बघून मला कसं वाटलं सांगू? कुणीतरी खरंच तिथे बसून हे केलंय, असं वाटलं. अजून करता का काम?" मी म्हणाले, "कुणी दिलं तर." ती म्हणाली, "कुणी दिलं नाही की तुम्ही मागितलं नाही?" तिचं वय माझ्या निम्मं असेल. घरी येईपर्यंत गाडीत तोच प्रश्न माझ्या शेजारी बसून होता.

दोन-चार दिवसांनी तिने एक गाणं पाठवलं. बरोबर लिहिलं होतं की गाणं आणखी काही दिग्दर्शकांकडेही गेलं आहे, प्रत्येकाने आपली कल्पना लिहून पाठवायची, आणि गायिकेचा आग्रह असा की नावं झाकून सगळ्या तिच्यापुढे ठेवायच्या. 'आपलं कोण, गाजलेलं कोण, हे बघून मला निवडायचं नाही,' असं ती म्हणाली होती म्हणे. मी गाणं लावलं. ते ऐकून मी तशीच किनाऱ्यावर गेले, परत आले, पुन्हा लावलं. कागद घेतला. पेन्सिलीला टोक काढलं. आणि टॅम, मला चित्रं दिसायला लागली. इतक्या वर्षांत मुलांच्या वह्यांवर 'छान आहे, पण आणखी धाडस कर' असं लिहूनलिहून मी विसरले होते की ती दिसतात तेव्हा कसं वाटतं. भूक लागल्यासारखं वाटतं. एक आठवडा मी कुणाचा हेवा केला नाही. तुझासुद्धा नाही. फुरसतच नव्हती.

कल्पना पाठवून दिली, आणि त्यानंतरच्या रविवारी तू आलीस. मी मटण भाजलं होतं. तू पुदिन्याची चटणी थेट बाटलीतून बोटाने चाटत होतीस, मी ओरडले, तू हसलीस. मग तू फोन टेबलावर ठेवलास आणि म्हणालीस, "आई, हे ऐक. हातातलं सगळं सोड आणि ऐक. मला आजवर कुठल्याही गाण्यासाठी इतकं वाटलं नव्हतं." पहिल्या सुरालाच मी ओळखलं. ओडेट मार्चबँकचा तो जुना आवाज, खालच्या सुरांत खरवडलेला, आणि मागे ते एकटंच हार्मोनियम. तू डोळे मिटले होतेस. मी हातातला टॉवेल घडी घालत उभी राहिले आणि पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखा चेहरा केला. गाणं संपलं तसं तू म्हणालीस, "कसं आहे?" मी म्हणाले, "बरं आहे." तुझा चेहरा उतरला. तू म्हणालीस, "मी काय लिहून पाठवलंय सांगते, ऐक ना," आणि मी दारातून बाहेर पडले, दोरीवरचे कपडे काढायला. पाऊसबिऊस काही नव्हता. तू खिडकीतून हाक मारलीस, "आई, तुला माझ्या कामात काडीचा रस नाहीये का?" आणि जाताना तू मला मिठी मारली नाहीस. रस होता, टॅम. इतका होता की ऐकलं असतं तर माझी कल्पना त्या क्षणी मला फिकी वाटायला लागली असती. किंवा त्याहून वाईट, कल्पना फिकी वाटली नसती आणि मी तुझ्यासमोर बसून मनातल्या मनात खूष झाले असते. दोन्ही नको होतं. मी खरं बोलू शकले असते, 'हे गाणं माझ्याकडेही आलंय' एवढंच. तोंडाशी आलं होतं. पण तू माझ्याकडे बघून 'अय्या, किती गोड' म्हणाली असतीस. म्हातारी आई स्पर्धेत उतरली म्हणून. ते मला सोसलं नसतं.

काल दुपारी ब्रोनाचा फोन आला. गाणं मला मिळालं. ओडेटने बाकी सगळ्या कल्पना बाजूला करून दोन कागद हातात ठेवले होते, दोन दिवस तिचं ठरत नव्हतं, शेवटी त्यातला एक तिने ब्रोनाला दिला. नावं उघडली तेव्हा दोन्ही एकाच घरातली निघाली. ब्रोना म्हणाली, "मी ती दोनदा वाचून बघितली." ती तुला आजच कळवणार होती, मी तिच्याकडून गुरुवारपर्यंतची मुदत मागून घेतली. मग क्लाइव्हला फोन केला आणि विचारलं, माझी फिल्म जोडशील का?  तो म्हणाला, "टॅमला सांगितलंस? आधी तिला सांग. ती काय म्हणते ते ऐक. मग फिल्म घेऊन ये, मी वाट बघतो." म्हणून हे पत्र. मी गाणं सोडणार नाही, सोडावं असं मला पहिल्या क्षणीही वाटलं नाही, आणि तसं वाटल्याचं सोंग मी तुझ्यापुढे करणार नाही. तू रागाव. 'तिचं वय झालंय, ओडेटला हे कळलं असतं तर तिने निवडलंच नसतं' असं मैत्रिणींना म्हण. माझी फिल्म आली की चुका शोध, सापडतील. फक्त एक कर. राग उतरला की, महिन्याने का होईना, ये आणि मला ते सांग जे त्या रविवारी मी ऐकलं नाही. मी ब्रोनाला विचारलं होतं, दुसऱ्या कागदावर काय होतं? ती म्हणाली, "ते मी कसं सांगू? मुलीलाच विचारा." काल दुपारपासून मी माझ्या शूटिंगचा विचार करायला बसते आहे, आणि दर वेळी पेन्सिल हातात तशीच राहते. ओडेटला दोन दिवस अडवून धरणारं असं काय लिहिलं होतंस गं तू?

तुझीच,
आई